बार कौन्सिलच्या मिटिंगला बसतं कोण, बसतं कधी आणि आमची तक्रार तिथे पोचते कशी?

कातळसडा:
मंडळी, जरा मदत हवीय. आमचं गाव राजापूर तालुक्यात, पणजोबांपासूनची जमीन, सातबाऱ्यावर आता इतकी नावं चढलीत की वाचताना आपलंच नाव सापडत नाही. वाटपाचा दावा लावलेला होता. मी डोंबिवलीला, काका गावी, त्यामुळे सगळा भरवसा वकिलांवर. आता कळतंय की दावा गैरहजेरीत काढून टाकलाय, आम्हाला पत्ता नाही, वकीलसाहेब फोन उचलत नाहीत आणि जुनं अस्सल खरेदीखत त्यांच्याच कपाटात. मी चिडून बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांना सनद (वकिलीचा परवाना) देणाऱ्या संस्थेकडे, लेखी तक्रार केली. पोच मिळाली, मिटिंगसमोर ठेवू म्हणाले. आता ही मिटिंग म्हणजे नेमकं काय, कोण असतं त्यात, ते काय ठरवतात, मला बोलावतात का, काहीच कल्पना नाही. काका म्हणतात वकिलाची तक्रार वकिलांकडेच केलीस, आता बस बोंबलत. इथे कोणी त्या क्षेत्रातले असतील तर सांगा. वकिलांचं नाव विचारू नका, देणार नाही.

माका_काय:
तुमचे काका बरोबर बोलतत. आमच्या गावात मानपानाचो वाद मानकऱ्यांपुढेच जाता, आणि मानकरी कोणाचे ता सगळ्यांका म्हायती. तसाच ह्या. मी आपलो वाचूक बसतंय.

काळा_कोट:
कातळसडा, कौन्सिलचं नंतर, आधी दाव्याचं बघा. दावा गैरहजेरीत काढला की तो परत फाइलवर घ्यायला ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. दिवस उलटले असतील, आणि उलटलेच असणार, तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा आणि तुम्हाला कधी कळलं, कसं कळलं ते नीट लिहायचं. त्यासाठी दुसरा वकील लावा. आणि कोर्टातून रोजनाम्याची नक्कल काढा. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, वादी व वादीचे वकील गैरहजर, पुकारा केला, असं तारीखवार लिहिलेलं असतं. तीच नक्कल कौन्सिलकडेही तुमचा सगळ्यात मोठा पुरावा होणार. खरेदीखताचीही सर्टिफाइड नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, तिच्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

आता कौन्सिल. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ खाली. मतदार वकील दहा हजारांच्या वर असले की निवडून येणारे सदस्य २५, म्हणजे आपल्याकडे २५. मतदान पसंतीक्रमाचं असतं, नावापुढे १, २, ३ लिहीत जायचं, त्यामुळे मोजणी दिवसेंदिवस चालते. निवडून येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तरी सनद दहा वर्षं जुनी पाहिजे. अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, पदसिद्ध. अध्यक्ष, उपाध्यक्ष कौन्सिलच निवडतं. मुदत ५ वर्षं. पण सगळं काम हे सगळे एकत्र बसून करत नाहीत, कमिट्या असतात. कार्यकारी समिती ५ जणांची, सनद द्यायची समिती ३ जणांची आणि तुमच्या कामाची ती शिस्तपालन समिती, तीही ३ जणांची.

काका म्हणतात त्याला थोडं उत्तर इथे आहे. या तिघांत दोघे कौन्सिलचे सदस्य असतात पण तिसरा कौन्सिलच्या बाहेरचा वकील घ्यावाच लागतो, तोही दहा वर्षांच्या वरचा. आणि तिघांत जो सनदेने सगळ्यात जुना तो अध्यक्ष, मग तो बाहेरचा का असेना.

वाशिष्ठी:
बाहेरचा म्हणजे वकीलच ना शेवटी? मग बाहेरचा कसला.

काळा_कोट:
ताई मान्य, वकीलच. पण निवडणुकीत ज्याला मतं मागायची नाहीत असा वकील. फरक आहे.

वाशिष्ठी:
थोडासा आहे, बरं. मी चिपळूणला पतपेढीत सचिव होते, आयुष्य इतिवृत्त लिहिण्यात गेलं, म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. तक्रार मिटिंगसमोर ठेवतात म्हणजे अजेंड्यावर विषय येतो, आणि मग ठराव काय होतो? कारण आमच्याकडे नको असलेला विषय मारायचा असला की कोणी विरोध करत नसे, "सविस्तर चर्चा होऊन विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले, सर्वानुमते" एवढं एक वाक्य लिहिलं की झालं. पुढच्या सभेत तो विषय सतरावा, वेळ संपली, चहा आला, पुन्हा पुढील सभा. कोणीही खोटं वागलेलं नाही आणि काम मात्र झालेलं नाही.

काळा_कोट:
ताई तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत जिथे सगळ्यांची गाडी अडते. क्रम असा आहे की तक्रार आली की कौन्सिल आधी तक्रारदाराकडून आणखी तपशील मागवू शकतं किंवा त्या वकिलाचा खुलासा मागवू शकतं. मग कौन्सिलला सकृद्दर्शनी काही गैरवर्तन वाटलं तर कलम ३५ खाली प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवायचं, आणि कायद्यातला शब्द तिथे पाठवावंच असा आहे. समितीकडे गेल्यावर मग रीतसर तारीख लागते, वकिलाला आणि अ‍ॅडव्होकेट जनरलना नोटीस जाते, समितीला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शेवटी चारच गोष्टी होऊ शकतात, तक्रार फेटाळणं, ताकीद, काही काळ वकिली बंद, नाहीतर सनद रद्द.

आता गंमत बघा. कलम ३६ ब म्हणतं की शिस्तपालन समितीने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात काम संपवायचं, नाहीतर ते आपोआप दिल्लीला देशपातळीवरच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये सगळ्या राज्यांच्या कौन्सिलना हे वर्ष पाळा म्हणून बजावलंय. पण हे वर्ष नेमकं कुठून मोजायचं, कौन्सिलच्या टपालात तुमची तक्रार पडली तिथून की समितीकडे गेली तिथून, यावर दोन वकील सहज दोन दिवस भांडतील. म्हणून समितीकडे पाठवायचा ठराव ज्या मिटिंगमध्ये होतो ती मिटिंग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, सुनावणीपेक्षाही. तुम्ही त्या ठरावाचा नंबर आणि तारीख लेखी मागा. ठराव झालाच नसेल तर तेही लेखी कळेल.

कातळसडा:
धन्यवाद वकीलसाहेब, रोजनाम्यासाठी काकांना उद्याच पाठवतो. पण मला मिटिंगला हजर राहता येतं का? आणि मी तक्रार मराठीत दिलीय, चालेल ना?

काळा_कोट:
कौन्सिलच्या सभेला नाही, ती सदस्यांची. सुनावणीला हो, स्वतः किंवा वकील लावून. मराठी बिनधास्त चालते, इंग्रजी, हिंदी किंवा राज्यभाषा असं नियमातच आहे. प्रकरण दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतर करून पाठवणं कौन्सिलचं काम, तुमचं नाही. फक्त तक्रारीवर सही आणि खाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं लिहिलेलं, आहे ना ते बघा, आणि फी भरल्याची पावती जपून ठेवा. पुष्कळ तक्रारी तिथेच लटकतात.

मेडिकलवाला_देवगड:
या निमित्ताने आमच्या फार्मसी कौन्सिलचंही सांगतो, कारण आमच्या दुकानदारांतल्या नव्वद टक्के पोरांना रिन्युअलची फी सोडली तर कौन्सिल म्हणजे काय हे माहीत नसतं. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८. तिथे आम्ही फार्मासिस्ट निवडून देतो फक्त ६ जण. ५ जण राज्य सरकार नेमतं, त्यातले ३ तरी फार्मसीवाले पाहिजेत. एक मेडिकल कौन्सिलकडून येतो, आणि वर सरकारी अधिकारी पदसिद्ध, औषध नियंत्रण खात्याचा प्रमुख वगैरे. म्हणजे ज्या खात्याचा माणूस दुकान तपासायला येतो त्याच खात्याचा साहेब आमच्या कौन्सिलच्या टेबलावर. आता हे चांगलं की वाईट तुम्हीच ठरवा, मला तरी वकिलांचा हेवा वाटतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे बरी आहे. कोणाचं नाव रजिस्टरमधून काढायचं तर कार्यकारी समिती त्याचं म्हणणं ऐकून आदेश काढते पण त्याला पूर्ण कौन्सिलने मान्यता द्यावी लागते आणि मान्यतेनंतरही तीन महिने तो आदेश लागू होत नाही. त्या तीन महिन्यांत माणूस अपील करतो, दुकानात दुसरा फार्मासिस्ट बसवतो. दुकानावर चार घरं चालत असतात हो.

माका_काय:
आणि जो मेंबर मिटिंगेक येणाच नाय तेचा काय?

मेडिकलवाला_देवगड:
सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन मिटिंगा चुकवल्या तर जागा गेली. पण कारण सबळ आहे की नाही ते कौन्सिलच ठरवणार.

काळा_कोट:
आमच्याकडे पण तीनच. आमच्याकडे तर कौन्सिलने तसं जाहीर केलं तरच जागा जाते, आपोआप नाही.

वाशिष्ठी:
म्हणजे ज्याच्या बाजूला उद्या मत मागायला बसायचं त्यालाच आज तू घरी जा म्हणायचं. पतपेढीत मी हे एकदाही झालेलं बघितलं नाही. मग कोरमचं काय? किती जण हवेत?

काळा_कोट:
कोरमचा आकडा मूळ कायद्यात नाही. कलम १५ म्हणतं की सभा कशी बोलवायची, कुठे, कामकाज कसं, कोरम किती याचे नियम कौन्सिलने करायचे. पण राज्याच्या कौन्सिलने केलेला नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही. स्वतःचे नियम स्वतः करायचे पण वरून सही हवी. शिवाय एखादी जागा रिकामी आहे एवढ्यावरून कौन्सिलने केलेलं काम बेकायदा ठरत नाही, त्यामुळे कोणी राजीनामा दिला, कोणी वारला, म्हणून सगळं अडत नाही.

शिस्तपालन समितीत मात्र कडक आहे. एखाद्या तारखेला तिघांतला एक आला नाही तरी उरलेले सुनावणी चालवू शकतात, पण अंतिम आदेश द्यायचा तर अध्यक्ष आणि दोन्ही सदस्य हजर पाहिजेत. तिघांचं मत जुळलं नाही, बहुमतच होईना, तर प्रकरण कौन्सिलच्या अध्यक्षांपुढे जातं आणि ते ऐकून जे मत देतील तसा आदेश. माझ्या मते ही सगळ्यात शहाणी तरतूद आहे, आणि उशीर होण्याचं कारणही हीच आहे, कारण तिघेही चालू प्रॅक्टिसवाले वकील, एक नागपूरचा एक औरंगाबादचा असं असलं की सगळ्यांच्या डायऱ्या एका तारखेला मोकळ्या मिळणं म्हणजे काय ते विचारा.

बंदरावरचा:
सगळं फालतू आहे. वकिलांवर वकिलाने निकाल द्यायचा हाच मुळात विनोद. सरकारने आपली माणसं बसवावीत, आठ दिवसांत सरळ होतील.

डॉ_अळंबी:
बंदरावरचा, आमच्याकडे बसवलीत की. २०१० मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया बरखास्त करून सरकारने मंडळ नेमलं, मग २०१९ चा नवा कायदा आला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन सुरू झालं. ३३ जण, बहुतेक पदसिद्ध नाहीतर सरकारने नेमलेले. देशपातळीवर डॉक्टरांनी मत देऊन माणूस पाठवायचा प्रकार जवळजवळ संपला. जुन्या कौन्सिलमध्ये घाण होती हे मीही म्हणेन, त्यावर अश्रू ढाळणार नाही. पण आता दापोलीत बसलेल्या माझ्यासारख्याने कोणाची कॉलर धरायची? निवडून आलेला निदान पाच वर्षांनी फोन तरी करतो, डॉक्टर कसे आहात म्हणून. रुग्णाच्या तक्रारी अजूनही आधी राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडेच जातात, ते १९६५ च्या कायद्याचं वेगळं आहे.

काळा_कोट:
डॉक्टरसाहेब + अनेक. आणि बंदरावरचा, वकील वकिलाला पाठीशीच घालतो असं म्हणण्याआधी ही एक जुनी गोष्ट ऐका. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील अक्षरशः अशिलांना ओढत, एकमेकांच्या हातातून कागद हिसकावत असत. महाराष्ट्राच्या कौन्सिलने कारवाई केली, शिस्तपालन समितीने त्यांची वकिली तीन वर्षं बंद केली. ते दिल्लीला अपिलात गेले आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने त्यांना सोडलं. मग आपलं राज्याचं कौन्सिल त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. समोरून मुद्दा आला की तुम्ही कोण, तुमचं काय नुकसान झालं, तुम्हाला अपिलाचा हक्कच नाही. १९७५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, हक्क आहे, धंद्याची शिस्त राखणं हे कौन्सिलचं कामच आहे. आपल्याच माणसांना शिक्षा व्हावी म्हणून आपलंच कौन्सिल सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं.

बंदरावरचा:
पन्नास वर्षांपूर्वीचं सांगताय साहेब. आजचं सांगा.

काळा_कोट:
आजचं सांगतो. कौन्सिलची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही तर बार कौन्सिल ऑफ इंडिया कारणं लिहून जास्तीत जास्त सहा महिने वाढ देऊ शकतं असं कलम ८ म्हणतं. त्यानंतरही नाही झाली तर खास समिती, पदसिद्ध सदस्य अध्यक्ष आणि दोन नेमलेले वकील, आणि त्यांनी निवडणूक घ्यायची. कागदावर इतकं चोख. प्रत्यक्षात देशभर निवडणुका इतक्या रखडल्या की शेवटी सुप्रीम कोर्टाला तारखा ठरवून द्याव्या लागल्या. यात तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी कोणाची वकिली करत नाही इथे.

वाशिष्ठी:
:) वकील म्हणतोय वकिली करत नाही.

कातळसडा:
एक नवीन भानगड झालीय. वकिलांच्या ओळखीचा एक माणूस गावी काकांकडे येऊन गेला. म्हणाला तक्रार मागे घ्या, खरेदीखत घरपोच करतो आणि दाव्याचंही बघतो. काका घाबरलेत, म्हणतात घे मागे, आपल्याला कागद मिळाल्याशी मतलब. काय करू?

काळा_कोट:
कागद देतायत तर जरूर घ्या, पोच देऊन घ्या, पोचेत कागदाचं वर्णन, दस्त नंबर आणि तारीख घाला. पण काकांना सांगा की तक्रार मागे घेतली, आपसात मिटलं, एवढ्याच कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात आहे. गैरवर्तनाची चौकशी ही तुमची आणि त्यांची देणीघेणी नाही. त्यामुळे मागे घेतो असं लेखी देऊ नका, देऊन उपयोगही नाही. तो माणूस कोणत्या तारखेला आला, काय बोलला, कोणासमोर, हे वहीत लिहून ठेवा.

मेडिकलवाला_देवगड:
आणि काकांना एकट्याला त्या माणसाशी बोलायला देऊ नका. म्हातारी माणसं चहा पाजतात आणि सही करून मोकळी होतात.

कातळसडा:
हो, काकांच्या बाबतीत हे अगदी शक्य आहे. दुसरं, सुनावणी लागली तर प्रत्येक तारखेला काकांना मुंबईला यावं लागेल का? त्यांना मधुमेह आहे, कोकणकन्येचं रिझर्वेशन मिळत नाही ते वेगळंच.

काळा_कोट:
यावर फारसं कोणी बोलत नाही पण कलम १०अ वाचा. कौन्सिलची सभा मुख्यालयात म्हणजे मुंबईला, दुसरीकडे घ्यायची तर कारणं लेखी नोंदवून. बाकीच्या कमिट्यांनी मुख्यालयातच बसायचं. पण शिस्तपालन समिती त्यातून मुद्दाम वगळलीय, ती नियमांप्रमाणे ठरेल त्या वेळी, ठरेल त्या ठिकाणी बसू शकते. म्हणून साक्ष काकांचीच महत्त्वाची असेल तर वय, आजार, डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून अर्ज करा की साक्षीपुरती सुनावणी रत्नागिरीत घ्या. मिळेलच असं नाही म्हणत. पण कोणी मागतच नाही, आम्ही कोकणातले वकीलसुद्धा मागत नाही, गपचूप रात्रीची गाडी पकडतो.

घाटावरचा:
आता कोल्हापूरला घ्या म्हणा की. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, रत्नागिरी सिंधुदुर्ग त्यातच आहेत. आंबा घाट चढला की आलंच.

काळा_कोट:
ते हायकोर्टाचं, कौन्सिलचं मुख्यालय त्याने हलत नाही. पण अर्जात लिहायला मुद्दा चांगला आहे, की हायकोर्ट जर आमच्या जवळ येऊ शकतं तर तीन माणसांची समिती का नाही. आणि पावसात आंबा घाट म्हणजे "आलंच" नव्हे हो, दरड कोसळली की तिथेच मुक्काम.

वाशिष्ठी:
कातळसडा, मी एक कच्चं पत्र लिहून देते, वकीलसाहेब तपासा. "माझी तक्रार अमुक तारखेला आपल्या कार्यालयास मिळाली, पोच क्रमांक अमुक. कृपया कळवावे: १) सदर तक्रार कौन्सिलच्या कोणत्या सभेत कोणत्या विषय क्रमांकाने ठेवण्यात आली, २) त्यावरील ठराव क्रमांक व दिनांक, ३) संबंधित वकिलांकडून खुलासा मागवला असल्यास त्याची तारीख व खुलाशाची प्रत, ४) प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवले असल्यास समितीचा क्रमांक." बस. रागाचं एक वाक्य नको. ज्याने इतिवृत्त लिहायचं असतं त्याला असं पत्र आलं की तो विषय पुढच्या सभेत वर सरकवतो, कारण उत्तरात आकडा लिहावा लागणार. मी स्वतः सरकवलेत.

काळा_कोट:
उत्तम आहे, एक शब्द बदलत नाही. उत्तर आलं नाही तर हेच माहिती अधिकारात मागा, कौन्सिल संसदेच्या कायद्याने झालेलं आहे तेव्हा माहिती अधिकार लागू, ३० दिवसांची मुदत. आणि समितीकडे न पाठवताच तक्रार निकाली काढली असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे कलम ४८अ खाली फेरतपासणी मागता येते. समितीने आदेश दिला आणि पटला नाही तर ६० दिवसांत तिथेच अपील, त्यावर परत सुप्रीम कोर्ट, तिथेही ६० दिवस.

माका_काय:
मी पयल्यांदा जा बोललंय ता अर्धा मागे घेतंय. अर्धाच.

कातळसडा:
सगळ्यांचे आभार. पत्र आज रात्री टाइप करतो. रजिस्टर एडीने पाठवू ना?

वाशिष्ठी:
रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय. स्पीड पोस्टच करा, पोच मिळेल अशी सोय मागून घ्या, आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, त्या पावत्यांची शाई चार महिन्यांत उडते.